उणे म्हणजे नक्की कोणाचे? बारावीच्या विषय समित्यांना खुले पत्र

प्रति,
अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र विषय समित्यांचे सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. यंदाचे तेविसावे वर्ष. आपल्या राज्याच्या बारावीच्या दोन्ही पुस्तकांत उष्मागतिकी, म्हणजे उष्णता आणि कार्य यांच्या हिशेबाचे शास्त्र, चौथ्या प्रकरणात येते, त्यामुळे बहुतेक वर्षी माझा आणि रसायनशास्त्राच्या सरांचा हा धडा एकाच पंधरवड्यात चालू असतो. मी फळ्यावर लिहिते : डेल्टा यू बरोबर क्यू वजा डब्ल्यू. (डेल्टा यू म्हणजे अंतर्गत ऊर्जेतला बदल, क्यू म्हणजे उष्णता, डब्ल्यू म्हणजे कार्य.) घंटा होते, मी बाहेर पडते, सर आत येतात आणि त्याच फळ्यावर, माझी अक्षरे पुसून लिहितात : डेल्टा यू बरोबर क्यू अधिक डब्ल्यू. बाकावरची मुले तीच असतात. काही जण वहीचे पान उलटून मागचे सूत्र पाहतात आणि गप्प बसतात. जी गप्प बसतात त्यांचीच मला जास्त काळजी वाटते.

गेल्या वर्षी एका मुलीने विचारले, "मॅडम, गॅस तोच, सिलिंडर तोच. मग त्याने केलेलं काम तुमच्या तासाला अधिक आणि सरांच्या तासाला वजा कसं?" मी म्हटले, "दोन विषयांचे चिन्हसंकेत वेगळे आहेत." ती म्हणाली, "पण वेगळे का आहेत?" याचे नीट उत्तर द्यायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ वेळापत्रकात नव्हता आणि तिच्या हातात ठेवता येईल असे एक पान दोन्ही पुस्तकांत मला सापडले नाही.

हा प्रश्न मी उन्हाळ्याच्या सुट्टीत एका प्रशिक्षण वर्गात मांडला. व्यासपीठावरून उत्तर आले, "फिजिक्सला वजा, केमिस्ट्रीला अधिक. मुलांकडून पाठ करून घ्या, गुण जात नाहीत." सभागृहात बऱ्याच माना डोलल्या. मी त्या दिवशी खाली बसले, पण ते उत्तर मला मान्य झालेले नाही. म्हणून हे पत्र, आणि ते सर्वांना वाचता यावे असे उघड लिहिते आहे, कारण ही मुले फक्त माझ्या वर्गातली नाहीत.

ज्यांनी हा विषय कधी शिकला नाही किंवा शिकून बरीच वर्षे झाली, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. दट्ट्या बसवलेल्या नळकांड्यात वायू आहे. त्याला ५०० जूल उष्णता दिली. वायू प्रसरण पावला आणि दट्ट्या वर ढकलताना त्याचे २०० जूल खर्ची पडले. उरलेले ३०० जूल त्याच्या अंतर्गत ऊर्जेत गेले. भौतिकशास्त्रात वायूने केलेले कार्य अधिक धरतात, म्हणून ५०० वजा २००, उत्तर ३००. रसायनशास्त्रात वायूवर झालेले कार्य अधिक धरतात. इथे वायूनेच कार्य केले आहे, म्हणून डब्ल्यू आहे उणे २००. ५०० अधिक उणे २००, उत्तर पुन्हा ३००. उष्णतेबाबत दोन्ही विषयांचे एकमत आहे : प्रणालीत आली तर अधिक, बाहेर गेली तर उणे. फरक आहे तो फक्त कार्याच्या चिन्हात.

आता तोच प्रश्न थोडा बदलू. वायूला ५०० जूल उष्णता दिली आणि वायूवर २०० जूल कार्य केले. अंतर्गत ऊर्जा ७०० जुलांनी वाढते. ज्या मुलाने सूत्र एका वर्गातले आणि चिन्ह दुसऱ्या वर्गातले उचलले, तो ५०० वजा २०० करून ३०० लिहितो. बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेत ३०० हा पर्याय हमखास असतो. त्या मुलाला ऊर्जेची अक्षय्यता कळलेली असते, बेरीज-वजाबाकीही येत असते. फक्त हे उणे कोणाच्या बाजूने मोजायचे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

आपल्या भाषेत या चिन्हांना धन आणि ऋण म्हणतात. ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ च्या ब्रह्मस्फुटसिद्धान्तात या संख्यांचे नियम मांडले तेही याच शब्दांत : संपत्ती आणि कर्ज. ऋण म्हटले की ते कोणाचे हे विचारावेच लागते, कारण एकाचे देणे ते दुसऱ्याचे येणे असते. माझे वडील गावच्या पतसंस्थेत कीर्द लिहीत. ठेवीदाराने दहा हजार ठेवले की त्याच्या पासबुकात ती त्याची मालमत्ता, आणि संस्थेच्या ताळेबंदात तेच दहा हजार देणे म्हणून दिसत. दोन्ही नोंदी खऱ्या. यात कोणी खोटे लिहिले असे वडिलांना कधी वाटले नाही, कारण वही कोणाची हे तिच्या पहिल्याच पानावर लिहिलेले असे. उष्मागतिकीच्या वहीवर ते नाव हवे, एवढेच माझे म्हणणे आहे. त्या नावाला आपण प्रणाली म्हणतो, मुले सिस्टीम म्हणतात. ती ठरल्याशिवाय अधिक-उण्याला काहीच अर्थ नाही.

दोन संकेत पडले तेही अपघाताने नाही, आणि ही गोष्ट सांगितली की मुलांचे चेहरे खुलतात हे मी दरवर्षी पाहते. हे शास्त्र वाफेच्या इंजिनापाशी जन्मले. सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये विचारलेला प्रश्न असा होता की उष्णतेपासून जास्तीत जास्त किती कार्य मिळवता येईल. क्लाउजिउस यांनी १८५० मध्ये उष्मागतिकीचा पहिला नियम, म्हणजे वरच्या सूत्रामागचा नियम, गणितात मांडला तोही याच परंपरेत. इंजिनवाल्याचा हिशेब साधा : आत टाकली ती उष्णता, हाती आले ते कार्य, आणि दोन्ही त्याच्या लेखी अधिक. माझ्या परिसरातल्या साखर कारखान्यात आजही तसेच मोजतात. बॉयलरमध्ये चिपाड किती जाळले आणि टर्बाइनमधून वीज किती आली, हे दोन आकडे कोणी उणे लिहून ठेवत नाही. अभियांत्रिकीला गेलेल्या माझ्या मुलांना पुढेही हाच संकेत भेटतो.

रसायनशास्त्रज्ञापुढे इंजिन नव्हते, चंचुपात्र होते. त्याला पदार्थाच्या पोटातल्या ऊर्जेचे काय झाले हे हवे होते. म्हणून जे काही पदार्थात येईल ते अधिक, मग ती उष्णता असो वा कार्य. आययूपॅक, म्हणजे रसायनशास्त्राचा आंतरराष्ट्रीय संघ, आज हाच संकेत सुचवतो. पण रसायनशास्त्रातही हे आरंभापासून असे नव्हते. एकोणिसाव्या शतकात डेन्मार्कचे थॉमसन आणि फ्रान्सचे बर्तेलो यांनी हजारो अभिक्रियांची उष्णता मोजली, तेव्हा बाहेर पडलेली उष्णता अधिक धरण्याची रीत होती. आज मिथेनच्या ज्वलनाला आपण मोलमागे उणे ८९० किलोजूल लिहितो. त्या रीतीने तो आकडा अधिक झाला असता. म्हणजे उष्णतेचे चिन्हसुद्धा एकेकाळी उलटे होते आणि माणसांनी बसून ते बदलले. हे मुलांना कळले तर चिन्हाची भीती जाईल. चिन्ह निसर्गाने दिलेले नाही, ते आपण ठरवून घेतलेले आहे, हे बारावीच्या मुलाला समजू शकते. त्याला सांगायला हवे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार उष्णतेच्या चिन्हाबद्दलच आहे. दोन्ही विषयांचे यावर एकमत असल्यामुळे इथे अडचण नाही असे समजले जाते. अडचण आहे. चंचुपात्रातल्या पाण्यात नवसागर टाकून ढवळा. पात्र हाताला गार लागते. मी गेली कित्येक वर्षे हे पात्र वर्गात फिरवते आणि विचारते, क्यू अधिक की उणे? निम्म्याहून अधिक मुले म्हणतात, उणे. का? "गार झालं म्हणजे उष्णता गेली." ही समजूत इतकी स्वाभाविक आहे की मुलांना दोष देववत नाही. प्रत्यक्षात विरघळण्याला उष्णता लागते. ती आधी पाण्याच्या स्वतःच्या साठ्यातून घेतली जाते म्हणून द्रावण थंड होते, आणि मग ते पुन्हा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत काचेकडून, हवेकडून, पात्र धरलेल्या त्या मुलाच्या तळहाताकडून उष्णता ओढत राहते. हाताची उष्णता गेली म्हणूनच हाताला गार लागले. हाताचा क्यू उणे, द्रावणाचा क्यू अधिक, मोलमागे सुमारे १५ किलोजूल. चुन्याच्या कळीवर पाणी ओतले की याच्या उलट : वाफा निघतात, हात पोळतो, आणि क्यू मात्र उणे, मोलमागे सुमारे ६५ किलोजूल. मूल स्वतःला विसरून पात्राच्या बाजूने विचार करायला शिकते तो हा क्षण. उष्मागतिकीतली ही पहिली पायरी, आणि तिच्यासाठी स्वतंत्र कृती, स्वतंत्र परिच्छेद हवा. 'क्यू अधिक म्हणजे शोषलेली उष्णता' अशी एक ओळ पुरेशी नाही.

याला जोडूनच दहावीचे. तिथे मुले उष्मादायी अभिक्रिया लिहिताना समीकरणाच्या उजवीकडे 'अधिक उष्णता' असे लिहितात. ते बरोबरच आहे. तिथला अधिक 'आणि' या अर्थाचा आहे : कळीचा चुना आणि पाणी यांपासून विरलेला चुना मिळतो आणि उष्णता मिळते. दोन वर्षांनी त्याच अभिक्रियेचा डेल्टा एच, म्हणजे स्थिर दाबाला अभिक्रियेने घेतलेली उष्णता, उणे असतो. दोन अधिक-उण्यांचे अर्थ वेगळे आहेत हे सांगणारा पूल मधल्या दोन वर्षांत कुठे तरी बांधायला हवा. आज तो ज्या त्या शिक्षकाच्या मर्जीवर आहे.

दुसरी तक्रार भाषेची. माझ्या वर्गातली बरीच मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. अकरावीला विज्ञान शाखेत आली की पुस्तक इंग्रजी. कार्याचे चिन्ह ज्या दोन शब्दांवर उभे आहे ते इंग्रजीतले दोन चिमुकले शब्द आहेत, 'बाय' आणि 'ऑन'. घाईत वाचताना ते डोळ्यांतून निसटतात. मराठीत हीच गोष्ट लख्ख आहे : वायूने केलेले कार्य आणि वायूवर केलेले कार्य. 'ने' म्हटले की करणारा कोण हे कळते, 'वर' म्हटले की सोसणारा कोण हे कळते. मी फळ्यावर 'ने' आणि 'वर' ही दोन अक्षररूपे मोठी लिहून ठेवते आणि प्रत्येक गणिताआधी विचारते, इथे ने आहे की वर? चुका लगेच कमी होतात. इंग्रजी पुस्तकात कंसात मराठी शब्द दिल्याने पुस्तकाचा दर्जा कमी होत नाही.

तिसरी तक्रार परीक्षेची. एमएचटी-सीईटीमध्ये भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचे पन्नास-पन्नास प्रश्न एकाच नव्वद मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे मुलाने एका बैठकीत, प्रश्नागणिक संकेत बदलायचा. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक जातो. एका चिन्हाने पाच गुणांचे अंतर पडते. एवढे सगळे ज्यावर अवलंबून आहे, तिथे 'डब्ल्यू बरोबर २०० जूल' असे नुसते लिहून सोडणे अन्याय आहे. सराव प्रश्नसंचांत असे प्रश्न मी स्वतः पाहिले आहेत, ज्यांत कार्य कोणी केले हे विधानात कुठेच नाही.

चौथी लहानशी. इंजिन आणि रेफ्रिजरेटर यांच्याकडे आलो की उष्णतेच्या राशी बहुधा नुसत्या मूल्याने, चिन्हाविना लिहिल्या जातात. काही ग्रंथांत चिन्ह कायम ठेवतात आणि मग कार्यक्षमतेच्या सूत्रात एक वजा ऐवजी एक अधिक दिसते. दोन्ही बरोबर, पण 'इथून पुढे फक्त मूल्य घेऊ' हे वाक्य ठळक अक्षरांत हवे.

मला माहीत आहे, यावर एक आक्षेप येईल : दोन्ही संकेत शेजारी मांडले तर मुले अधिक गोंधळतील. माझा तेवीस वर्षांचा अनुभव उलटा आहे. गोंधळ दोन संकेतांमुळे होत नाही, त्यांच्याबद्दल बोलले जात नाही त्यामुळे होतो. राष्ट्रीय पातळीवरच्या अकरावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात, पूर्वी कार्याचे चिन्ह उलटे धरत असत आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत अजून तसेच धरतात, अशी स्पष्ट नोंद आहे. दोनच वाक्ये आहेत, पण ती मी आमच्या मुलांना दाखवते तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडतो. आपली चूक नव्हती, हे त्यांना कळते.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

दोन्ही समित्यांनी एकदा एकत्र बसून दोन्ही पुस्तकांसाठी एकच सामाईक पान तयार करावे. त्यावर एकच उदाहरण दोन्ही संकेतांनी सोडवलेले असावे. उदाहरण घरातले घ्या. १०० अंश सेल्सिअसला एक मोल, म्हणजे १८ ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ४०.७ किलोजूल उष्णता लागते. ती वाफ सुमारे ३० लिटर जागा व्यापते आणि त्यासाठी भोवतालची हवा मागे सारताना ३.१ किलोजूल कार्य करते. भौतिकशास्त्र म्हणेल ४०.७ वजा ३.१. रसायनशास्त्र म्हणेल ४०.७ अधिक उणे ३.१. दोघांच्याही वहीत अंतर्गत ऊर्जेची वाढ ३७.६ किलोजूल. चहाच्या पातेल्यातला हा हिशेब मुले विसरत नाहीत.

प्रत्येक प्रश्नात, मग तो पाठ्यपुस्तकातला असो वा बोर्डाच्या परीक्षेतला, कार्य कोणी केले आणि उष्णता कोणाला मिळाली हे शब्दांत लिहिलेले असावे. नुसते अक्षर आणि आकडा नको.

उत्तरपत्रिका तपासताना, विद्यार्थ्याने आपली प्रणाली आणि आपला संकेत आधी लिहून पुढचे गणित त्याला धरून सोडवले असेल, तर त्याला पूर्ण गुण मिळावेत, मग संकेत कुठलाही असो. आदर्श उत्तरसूचीत तसे लिहून द्यावे, म्हणजे परीक्षकाला स्वतःच्या जबाबदारीवर ठरवावे लागणार नाही. प्रणाली ठरवण्याच्या पायरीला स्वतंत्र अर्धा गुण ठेवला तरी मुले ती पायरी गाळणार नाहीत.

'वायूने' आणि 'वायूवर', 'घेतलेली' आणि 'दिलेली' हे मराठी शब्द पुस्तकात त्या त्या जागी द्यावेत. नवसागर आणि चुन्याची कळी ही कृती दहावीच्या 'अधिक उष्णता'शी जोडून घ्यावी.

आणि शिक्षक प्रशिक्षणात या विषयाला एक तास द्यावा, ज्यात दोन्ही विषयांचे शिक्षक एकत्र बसतील. आम्ही एकाच शिक्षककक्षात डबा खातो, पण एकमेकांची पुस्तके क्वचित उघडतो. यात माझाही वाटा आहे. सरांच्या पुस्तकातले ते प्रकरण मी पहिल्यांदा पूर्ण वाचले ते नोकरीच्या अकराव्या वर्षी.

एकच संकेत ठेवावा का, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. मी भौतिकशास्त्राची आहे आणि क्यू वजा डब्ल्यू माझ्या हातात बसले आहे. तरीही दोन्ही समित्यांनी 'आत आले ते अधिक' हा एकच नियम स्वीकारला, तर मी माझे सूत्र आनंदाने सोडेन, कारण तो लक्षात ठेवायला एक वाक्य पुरते आणि उष्णता व कार्य या दोघांना तो सारखा लागू होतो. पीव्ही, म्हणजे दाब-आकारमान, आलेखाखालच्या क्षेत्रफळाला मग वायूने केलेले कार्य असे पूर्ण नाव द्यावे लागेल, ते देऊ. पण हे होणार नसेल, किंवा व्हायला दहा वर्षे लागणार असतील, तर ते सामाईक पान तरी पुढच्या पुनर्मुद्रणाबरोबर यावे. त्यासाठी अभ्यासक्रम बदलावा लागत नाही, तासिका वाढवाव्या लागत नाहीत.

मी वर्गात वापरते ते पान, पाण्याच्या वाफेच्या उदाहरणासह, रसायनशास्त्राच्या आमच्या सरांबरोबर बसून पुन्हा नीट लिहून काढले आहे. आम्ही दोघांनी त्यावर सह्या केल्या आहेत आणि ते या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहोत. त्यात चूक असेल तर कळवा, दुरुस्त करू. बरोबर असेल तर वापरा, आमचे नाव घालायची गरज नाही.

त्या मुलीने यंदा रसायनशास्त्र घेऊन पदवीला प्रवेश घेतला. जाताना तिने परत विचारले, "मॅडम, ते अधिक-वजाचं पुस्तकात लिहिणार आहेत का?" मी तिला सांगितले, विचारून सांगते.

आपली,
कनिष्ठ महाविद्यालयातील एक भौतिकशास्त्र शिक्षिका